धर्म आड येतो, की धर्माचा आडोसा घेतला जातो?

प्रश्न थोडक्यात असा आहे: अरब देशांत राजकीय सुधारणांची कितपत आशा आहे, आणि इस्लाम त्यात आड येतो का? शिवाय, 2011 मध्ये जनतेच्या उठावांनी एवढं रान पेटलं त्यातून हाती काय लागलं, आणि आता पुढचा नंबर कुणाचा?

मी अरबीचा भाषांतरकार आणि दुभाषा. पंचवीसेक वर्षं कायदे, करारनामे, राज्यघटना आणि शिष्टमंडळांची भाषणं हेच माझं दळण. त्यातली बरीच वर्षं कैरो आणि कुवेतमध्ये गेली, मधे थोडा काळ ट्युनिसमध्ये. त्यामुळे माझं उत्तर कागदाच्या बाजूने येणार. 'इस्लाम आणि लोकशाहीचं जमतं का' या चर्चेत मला फारसा रस उरलेला नाही. अरब लीगमध्ये बावीस देश आहेत. बहुसंख्यांचा धर्म जवळपास सगळीकडे एकच, पण कारभाराच्या तऱ्हा बघा: कुठे राजा, कुठे अमीर, कुठे लष्करशहा, आणि लेबनॉनमध्ये तर पंथावारी वाटून घेतलेली पदं. एकाच कारणाचे इतके निरनिराळे परिणाम दिसत असतील तर कारण दुसरीकडे शोधलेलं बरं.

सुरुवात माझ्याच एका चुकीने करतो. उमेदवारीच्या दिवसांत एका मराठी नियतकालिकासाठी इजिप्तच्या घटनेतल्या दुसऱ्या कलमाचं भाषांतर करून दिलं होतं. मी लिहिलं, 'इस्लामी शरियाची तत्त्वं हा कायद्याचा मुख्य स्रोत आहे.' छापून आल्यावर माझ्या अरबीच्या सरांनी तो अंक समोर ठेवून विचारलं, "हे कुठल्या सालचं कलम?" मी म्हटलं, 1971 च्या घटनेतलं. त्यांनी पेन्सिलीने 'मुख्य स्रोत' या शब्दांखाली रेघ मारली आणि म्हणाले, "मग तू हे 1980 चं भाषांतर केलंयस."

1971 मध्ये राष्ट्राध्यक्ष अन्वर सादातांच्या घटनेत शब्द होते 'मस्दर रईसी', म्हणजे एक मुख्य स्रोत, इतरांपैकी एक. 1980 मध्ये त्याचं 'अल-मस्दर अर-रईसी' झालं, म्हणजे मुख्य स्रोत तो हाच. अरबीत हा सगळा खेळ 'अल' या उपपदाचा. मराठीला असलं उपपद नाही, त्यामुळे आपण दोन्हीकडे 'मुख्य स्रोत' लिहून मोकळे होतो. खरं तर पहिल्या ठिकाणी 'एक' हवं आणि दुसऱ्या ठिकाणी शेवटी 'च' हवा. तेव्हापासून मी घटनेचा मसुदा हातात आला की आधी 'अल' मोजतो.

पण सरांनी दाखवलेली खरी गंमत पुढेच होती. मे 1980 च्या ज्या सार्वमतात हा 'अल' आला, त्याच सार्वमतात 77 वं कलमही बदललं. राष्ट्राध्यक्षाला लागून 'पुढची एक मुदत' मिळू शकते असं आधी होतं, त्याजागी 'आणखी मुदती' असं अनेकवचन आलं. मतपेटीत ही दोन्ही कलमं एकत्र गेली. धर्माला एक 'अल' बहाल केला आणि त्याच झाकणाखाली खुर्चीची मुदत काढून टाकली. शरियाला नाही म्हणायची सोय कुणाला होती? सादातांना स्वतःला त्याचा उपभोग मिळाला नाही, ऑक्टोबर 1981 मध्ये त्यांची हत्या झाली. त्या अनेकवचनावर त्यांच्यानंतरचे राष्ट्राध्यक्ष होस्नी मुबारक 2011 पर्यंत बसले.

माझं म्हणणं या एका सार्वमतात मावतं. अरब राज्यकर्त्यांना धर्माने अडवलंय असं फार कमी वेळा दिसतं, बहुतेक वेळा त्यांनी धर्माला नोकरीवर ठेवलेलं असतं. तेव्हा सुधारणेची आशा कुठे आहे हे पाहायचं तर तीन गोष्टी बघाव्यात: इमामाचा पगार कोण देतो, घटनेतल्या धर्माच्या कलमाचा अर्थ लावायला कोण बसलंय, आणि लोकांच्या भाकरीचा हिशेब कोणाकडे आहे.

आधी अर्थ लावणाऱ्यांचं बोलू. इजिप्तच्या त्या 'अल'मुळे देश रातोरात शरियावर चालू लागला का? मुळीच नाही. सर्वोच्च घटनात्मक न्यायालयाने त्या कलमाला इतकं कसून बांधून ठेवलं की वाचताना कौतुक वाटतं. 1985 मध्ये त्यांनी ठरवलं की हे बंधन आधीच्या कायद्यांना लागू नाही. पुढे म्हणाले, शरियाचे जे नियम निर्विवाद आहेत तेवढेच बांधील, बाकी सगळं काळाप्रमाणे ठरवायचं. 1996 मध्ये एका बापाने मुलींच्या वतीने दावा लावला होता, शाळेत चेहरा झाकायला बंदी घालणारा शिक्षणमंत्र्यांचा आदेश रद्द करा म्हणून. न्यायाधीशांनी त्याच दुसऱ्या कलमाचा आधार घेऊन, फिकहची, म्हणजे इस्लामी कायदेशास्त्राची, पुस्तकं उलगडून मंत्र्यांच्या बाजूने निकाल दिला. तेच कलम दुसऱ्या कुणी वाचलं असतं तर निकाल उलटा लागला असता. मुस्लिम ब्रदरहूड या इस्लामी संघटनेला हे पक्कं ठाऊक होतं. 2012 च्या घटनेत त्यांनी दुसऱ्या कलमाला हात लावला नाही, शरियाच्या प्रश्नांवर कैरोच्या अल-अझहर या धर्मपीठातल्या ज्येष्ठ उलेमांचं, म्हणजे धर्मपंडितांचं, मत घ्यावं असं वेगळं कलम घातलं. म्हणजे मजकूर तोच ठेवून वाचणारा बदलायचा. ब्रदरहूडचे राष्ट्राध्यक्ष मोर्सी हटवले गेल्यावर 2014 च्या घटनेने ते कलम काढलं आणि प्रस्तावनेत लिहून टाकलं की अर्थासाठी घटनात्मक न्यायालयाचे निकाल बघा. आपल्याकडच्या बातम्यांत त्या वेळी 'शरिया आला, शरिया गेला' एवढंच आलं होतं.

आता पगाराचं. शतकानुशतकं मशिदी, मदरसे, दवाखाने, पाणपोया वक्फच्या जमिनींवर चालायच्या. मौलवी सुलतानाला दोन शब्द सुनावू शकायचा, कारण त्याचं पोट सुलतानाच्या हातात नव्हतं. 1952 च्या लष्करी क्रांतीनंतर वर्षभराच्या आत इजिप्तच्या नव्या राज्यकर्त्यांनी खासगी वक्फ बंद केले आणि धर्मादाय वक्फ मंत्रालयाच्या ताब्यात दिले. 1961 च्या कायद्याने राष्ट्राध्यक्ष नासरनी खुद्द अल-अझहर विद्यापीठ आणि मशीद सरकारच्या छत्राखाली आणली. हजार वर्षांची संस्था, आणि तिचा प्रमुख शेख राष्ट्राध्यक्षाच्या सहीने नेमला जाऊ लागला. पंढरपूरच्या देवळाची समिती सरकार नेमतं यावरून आपल्याकडे किती वाद होतात ते आठवा. आता कल्पना करा की प्रवचनाचा विषयही मंत्रालयातून येतो.

हे मी अतिशयोक्ती करून सांगत नाही. कैरोच्या दुक्की भागात चौथ्या मजल्यावर राहायचो. शुक्रवारी दुपारी तीन मशिदींचे कर्णे एकदम ऐकू यायचे. पूर्वी ती तीन वेगवेगळी भांडणं वाटायची: एकीकडे नरकाग्नी, दुसरीकडे शेजारधर्म, तिसरीकडे इस्राएल. 2014 च्या सुरुवातीला अवकाफ मंत्रालयाने, म्हणजे वक्फ खात्याने, सगळ्या मशिदींसाठी एकच विषय ठरवून द्यायला सुरुवात केली. त्यानंतर तिन्ही कर्ण्यांतून देशप्रेम, नाहीतर तिन्हींतून स्वच्छता. आमच्या इमारतीचा बव्वाब, म्हणजे दाराशी बसणारा रखवालदार, नमाज पढून परतला की मी विचारायचो, आज काय सांगितलं? एकदा तो वैतागून म्हणाला, "तुम्ही वरून ऐकलंत ना, मग? इथेही तेच होतं, माझ्या भावाच्या गावीही तेच."

2016 मध्ये मंत्रालय आणखी पुढे गेलं. विषय नको, अख्खा खुतबाच, म्हणजे शुक्रवारचं प्रवचनच, लिहून देतो, इमामाने कागद धरून वाचायचा. तेव्हा अझहर अडलं. शेख अहमद अत-तय्यिब यांच्या ज्येष्ठ उलेमांच्या परिषदेने स्पष्ट नकार दिला. हेच अत-तय्यिब 2010 मध्ये मुबारकांनी नेमलेले, आणि 3 जुलै 2013 च्या रात्री लष्करप्रमुख जनरल सिसी मोर्सींना हटवल्याची घोषणा करत होते तेव्हा शेजारी बसलेले. ते दृश्य ज्यांनी पाहिलंय त्यांना आठवत असेल: अझहरचे शेख, इजिप्तच्या ख्रिश्चनांचे कॉप्टिक पोप, उदारमतवादी नेते मोहम्मद अल-बरादेई, आणि कर्मठ सलफींच्या नूर पक्षाचाही माणूस. इस्लामी राष्ट्राध्यक्षाला काढायला इस्लामचे दोन झब्बे हजर! धर्म विरुद्ध लोकशाही अशी सरळ रेघ ज्यांना मारायची असते त्यांनी त्या फोटोत ती कुठून जाते ते दाखवावं. पुढच्याच महिन्यात, 14 ऑगस्टला, कैरोच्या राबिआ चौकात मोर्सी समर्थकांवर गोळ्या चालल्या. ह्यूमन राइट्स वॉचने किमान 817 मृत्यू मोजले. अत-तय्यिब यांनी त्यातून अंग काढून घेतलं.

मग 2017 साल. तोवर राष्ट्राध्यक्ष झालेल्या सिसींनी जाहीर कार्यक्रमात सुचवलं की तोंडी तलाकवर बंधन आणा, नोंदणी झाल्याशिवाय तलाक झाला असं धरू नका. उलेमांच्या परिषदेने एकमताने सांगितलं, तोंडी तलाक ग्राह्यच. त्या आधीच्या कार्यक्रमातच सिसींनी भर सभेत शेखना उद्देशून म्हटलं होतं की तुम्ही मला थकवलंत. शेखना ते हटवूही शकत नव्हते. क्रांतीनंतरच्या धामधुमीत, जानेवारी 2012 मध्ये, अझहरच्या कायद्यात बदल झाला होता, आणि 2014 च्या घटनेने तर शेखला पदावरून काढता येणार नाही असंच लिहिलं. आता यातला सुधारक कोण? बायकांच्या बाजूने बोलणारा सेनापती, ज्याच्या तुरुंगात हजारो राजकीय कैदी आहेत? की त्या सेनापतीला नाही म्हणू शकणारा देशातला जवळपास एकमेव माणूस, जो तोंडी तलाक सोडायला तयार नाही? अरब राजकारणात हा पेच वारंवार येतो. सामाजिक सुधारणा आणि राजकीय सुधारणा या दोन वेगळ्या गाड्या आहेत, आणि बऱ्याचदा त्या समोरासमोर येतात.

सुन्नी देशांतला हा पगारी कारभार पाहिला की इराकमधल्या नजफकडे बघावं. तिथले शिया धर्मगुरू सरकारी पगारावर नाहीत. भाविक आपल्या बचतीचा पाचवा हिस्सा, खुम्स, त्यांना देतात आणि त्यावर मदरसे चालतात. 2003 मध्ये अमेरिकेने इराक घेतला, पॉल ब्रेमर कारभारी झाले, आणि ठरलं की निवडक इराकींना बसवून घटना लिहून घ्यायची. जूनमध्ये अयातुल्ला अली सिस्तानींनी फतवा काढला: घटना लिहिणारे लोकांनी निवडून दिलेले असले पाहिजेत, नेमलेले चालणार नाहीत. लोकशाही आणायला आलेल्यांना मतदानाची आठवण नजफच्या अरुंद गल्लीतल्या एका म्हाताऱ्याने करून दिली. जानेवारी 2004 मध्ये लाखभर लोक बगदादच्या रस्त्यावर आले, आणि जानेवारी 2005 मध्ये निवडणूक घ्यावी लागली. 2019 मध्ये तरुणांच्या आंदोलनावर गोळीबार झाला तेव्हाही, 29 नोव्हेंबरच्या शुक्रवारी करबलात सिस्तानींचा संदेश वाचला गेला आणि त्याच दिवशी पंतप्रधान आदिल अब्दुल महदी यांनी राजीनाम्याची घोषणा केली.

याचा अर्थ इराक आदर्श झाला असा कुणी काढू नये. तिथली मुहासासा, म्हणजे शिया-सुन्नी-कुर्द अशी मंत्रिपदांची टक्केवारी, हे भ्रष्टाचाराचं उघड यंत्र आहे. 2014 मध्ये सिस्तानींनी आयसिसविरुद्ध हाक दिली, तिच्यातून उभ्या राहिलेल्या सशस्त्र टोळ्या आज सरकारलाही आवरत नाहीत. आणि 2025 च्या जानेवारीत कौटुंबिक कायद्यात जी दुरुस्ती झाली, तिने विवाह-वारशाचा कारभार पुन्हा पंथांच्या हाती द्यायची वाट मोकळी केली. स्वतंत्र व्यासपीठ असलं म्हणजे त्यावरून नेहमी आपल्या आवडीचं बोललं जाईल असं नाही. पण तिथून सत्तेला नाही म्हणता येतं, एवढं खरं.

2011 बद्दल. कैरोच्या तहरीर चौकातली घोषणा होती 'ऐश, हुर्रिया, अदाला इज्तिमाइया'. भाकरी, स्वातंत्र्य, सामाजिक न्याय. आपण 'ऐश करतो' तेव्हा चैन करतो, कैरोत 'ऐश' म्हणजे भाकरी, कुवेतमध्ये तोच शब्द भाताला. मूळ अर्थ जगणं. ज्याला जे खाऊन जगता येतं ते त्याचं ऐश! घोषणेत शरिया नव्हता, खिलाफत नव्हती. जानेवारी 1977 मध्ये सादातांनी भाकरीसारख्या वस्तूंवरची सवलत कमी केली तर दोन दिवसांत शहरं पेटली आणि निर्णय मागे घ्यावा लागला. पुढे सवलतीची भाकरी तीसहून अधिक वर्षं 5 पियास्तरवर (शंभर पियास्तरचा एक इजिप्शियन पाउंड) थांबली होती, ती जून 2024 मध्ये 20 पियास्तर झाली. हा भाव ज्याला वाढवावा लागतो त्याला रात्री झोप येत नाही, खुतब्यात काय बोललं जातंय याची काळजी त्याला त्यानंतरची.

ट्युनिशियावर मात्र जरा थांबतो, कारण सगळ्यात जास्त आशा तिथे होती आणि निराशाही तिथलीच मोठी.

तिथल्या 1959 च्या घटनेचं पहिलं कलम असं: ट्युनिशिया हे स्वतंत्र, सार्वभौम राज्य आहे, 'अल-इस्लाम दीनुहा', इस्लाम तिचा धर्म. तिचा म्हणजे कुणाचा? अरबीत देशाचं नावही स्त्रीलिंगी आणि 'दौला', राज्य, हेही स्त्रीलिंगी. राज्याचा धर्म इस्लाम, की त्या भूमीच्या लोकांचा? सर्वनामाने दोन्ही अर्थ पोटात ठेवले. पहिले राष्ट्राध्यक्ष हबीब बुर्गिबांनी ही संदिग्धता मुद्दाम सांभाळली असं मला वाटतं. त्याच माणसाने 1956 मध्ये बहुपत्नीत्व बंद केलं, आणि तेही धर्म सोडून नव्हे, कुराणाचा अर्थ लावूनच. रमजानमध्ये लोकांसमोर सरबत प्यायले आणि म्हणाले, मागासलेपणाशी आपलं जिहाद चाललंय, लढणाऱ्याला रोजा माफ असतो. धर्म नोकरीवर ठेवण्याचाच हा प्रकार, फक्त मालक पुरोगामी.

डिसेंबर 2010 मध्ये सिदी बूझिदच्या फेरीवाल्याने, मोहम्मद बुअझीझीने, पेटवून घेतलं आणि 14 जानेवारीला राष्ट्राध्यक्ष बेन अली पळाले. ऑक्टोबर 2011 च्या निवडणुकीत घटना समितीच्या 217 पैकी 89 जागा इस्लामी एन्नाहदा पक्षाला मिळाल्या. सगळ्यांना वाटलं, आता शरिया. मार्च 2012 मध्ये त्या पक्षाने जाहीर केलं की आम्ही शरियाचा आग्रह धरत नाही, पहिलं कलम आहे तसंच राहू दे. ते संदिग्ध सर्वनाम असं कामाला आलं. मग मसुद्यात बाईला कुटुंबात पुरुषाची 'पूरक' म्हणणारा शब्द शिरला. 13 ऑगस्ट 2012 ला, 1956 च्या त्या कायद्याच्या वाढदिवशी, हजारो बायका ट्युनिसमध्ये उतरल्या आणि तो शब्द गेला. 2013 मध्ये दोन डाव्या नेत्यांचे खून झाले, सगळं मोडायच्या बेतात आलं, तेव्हा कामगार संघटना, उद्योजकांची संघटना, मानवी हक्क संघ आणि वकील परिषद यांनी सगळ्यांना टेबलावर बसवलं. त्या चौघांना 2015 चं शांततेचं नोबेल मिळालं. 26 जानेवारी 2014 ला घटना 200 विरुद्ध 12 मतांनी संमत झाली. तिचं सहावं कलम वाचण्यासारखं होतं: राज्य धर्माचं रक्षक, आणि त्याच दमात सद्सद्विवेकाचं स्वातंत्र्य, मशिदी पक्षीय राजकारणापासून अलिप्त, कुणाला काफिर ठरवायला बंदी. भांडणाऱ्या दोन्ही बाजूंनी आपापलं वाक्य घुसवलंय हे स्पष्ट दिसतं. मला त्यातच त्याची ताकद वाटायची.

मग बिघडलं कुठे? धर्मावर नाही. बेकारी हटली नाही, सरकारं भराभर बदलली, 2021 च्या उन्हाळ्यात कोविडने माणसं मरत होती आणि संसदेत मारामाऱ्या चालल्या होत्या. पण माझ्या लेखी खरी चूक एक होती. घटनेप्रमाणे घटनात्मक न्यायालय वर्षभरात बनायला हवं होतं, ते सात वर्षांत बनलं नाही. कोणता न्यायाधीश आपला आणि कोणता परका यावर इस्लामी आणि सेक्युलर पक्षांचं एकमत होईना. जागा रिकाम्याच राहिल्या. आणि 25 जुलै 2021 ला राष्ट्राध्यक्ष कैस सईद यांनी 'आसन्न धोक्या'च्या ऐंशीव्या कलमावर बोट ठेवून संसद गोठवली, तेव्हा त्यांनी कलमाचा अर्थ बरोबर लावला की चूक, हे सांगायला देशात कुणी नव्हतं. कलम वाचायचा हक्क एकट्या सईदांकडे गेला. ते स्वतः घटनात्मक कायद्याचे प्राध्यापक, ही आणखी एक गंमत.

जुलै 2022 च्या सार्वमतात त्यांची नवी घटना आली. मतदान सुमारे तीस टक्के. 'इस्लाम तिचा धर्म' हे शब्द त्यांनी काढले म्हणून काही सेक्युलर मंडळींनी टाळ्याही वाजवल्या. मग पाचवं कलम वाचलं: ट्युनिशिया इस्लामी उम्माचा, म्हणजे जगभरच्या मुस्लिम समुदायाचा, भाग आहे, आणि इस्लामची उद्दिष्टं साध्य करण्याचं काम 'अला अद-दौला वहदहा', एकट्या राज्याचं. 'वहदहा' या एका शब्दाने मी बराच वेळ खोळंबलो होतो. 'एकट्या' लिहावं की 'फक्त राज्याचंच'? शेवटी 'च' लावला. एन्नाहदाचे नेते राशिद घनुशी एप्रिल 2023 पासून तुरुंगात आहेत, आणि धर्माचा मक्ता इस्लामी पक्षाच्या नसलेल्या राष्ट्राध्यक्षाकडे आहे.

सौदीबद्दल फार लिहीत नाही, त्यावर लोक भरपूर लिहितात. सिनेमागृहं उघडली, बायका गाडी चालवू लागल्या, धार्मिक पोलिसांचा अटकेचा अधिकार 2016 मध्ये गेला, हे सगळं खरं. गाडी चालवण्याचा हक्क मागणाऱ्या बायका तो हक्क मिळायच्या महिनाभर आधी अटकेत गेल्या, हेही खरं. मला तिथली एक तारीख जास्त बोलकी वाटते. सौदी राज्याचा उगम शाळेत 1744 असा शिकवायचे, इब्न सऊद आणि मोहम्मद इब्न अब्दुल वहाब या धर्मगुरूचा करार झाला ते साल. 2022 मध्ये राजाज्ञेने 22 फेब्रुवारी हा 'स्थापना दिन' झाला आणि साल धरलं 1727. सतरा वर्षं मागे गेलं की धर्मगुरू कथेतूनच गळतो. मोरोक्कोत उलट, राजा स्वतःच 'अमीर अल-मुमिनीन', भाविकांचा नेता. त्या पदाच्या जोरावर मोहम्मद सहावे यांनी 2004 मध्ये बायकांना बरेच हक्क देणारा कुटुंब कायदा आणला, आणि 2011 मध्ये घटना बदलून इस्लामी पक्षाला सरकार चालवू दिलं. दहा वर्षांत त्या पक्षाच्या 107 जागांच्या 13 झाल्या. सत्तेत बसवून झिजवणं हे तुरुंगात घालण्यापेक्षा स्वस्त पडतं.

सीरियाचं काय, असं विचाराल. 8 डिसेंबर 2024 ला बशर असद यांची सत्ता गेली. मार्च 2025 मध्ये नवे राष्ट्राध्यक्ष अहमद अल-शरा यांच्या सहीने अंतरिम घटनात्मक घोषणापत्र आलं. मी सवयीने तिसऱ्या कलमाकडे गेलो. असदच्या 2012 च्या घटनेत इस्लामी फिकह 'मस्दर रईसी' होतं. आता ते 'अल-मस्दर' झालंय. कैरोहून निघालेला 'अल' पंचेचाळीस वर्षांनी दमास्कसला पोहोचला. पण त्यापेक्षा जास्त काळजी मला दोन साध्या कलमांची आहे: 210 जणांच्या सभागृहातल्या 70 जणांना राष्ट्राध्यक्ष नेमणार, आणि घटनात्मक न्यायालयाचे सातही न्यायाधीश तेच नेमणार. पाच वर्षांच्या संक्रमण काळात ही कलमं हलली तर सीरियाबद्दल आशा धरायला जागा आहे. नुसता 'अल' निघाला तर काही होणार नाही.

पुढचा नंबर कुणाचा, यावर माझा पैसा कुवेतवर, आणि लोक या उत्तरावर हसतात. तेलाच्या पैशावर चालणारा देश, नागरिकाला आयकर नाही, सत्ता एका घराण्यात. पण 1962 ची घटना आहे, आणि निवडून आलेल्या संसदेत मंत्र्यांना उभं करून उलटतपासणी व्हायची. तिथेही दोन गाड्या समोरासमोर आल्याच: 1999 मध्ये अमिरांनी बायकांना मताधिकार देणारा हुकूम काढला आणि निवडून आलेल्या संसदेने तो फेटाळला. मिळायला 2005 उजाडलं. मे 2024 मध्ये नव्या अमिरांनी संसद बरखास्त करून घटनेची काही कलमं चार वर्षांपर्यंत स्थगित केली. त्यानंतर हजारो लोकांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, त्यामुळे माणसं जपून बोलतात.

कोकणातली हजारो कुटुंबं कुवेतवर जगली आहेत, पण दिवाणिया आतून बघणारे त्यातले थोडेच. घराच्या पुढच्या खोलीत भिंतीला लागून कोच, मधली जागा मोकळी, संध्याकाळी मित्र-नातेवाईक येऊन बसतात, छोट्या काचेच्या इस्तिकानात काळा चहा फिरतो. संसद बंद असताना कुवेतचं राजकारण याच खोल्यांत चालत आलंय, 1989-90 मध्ये संसद परत मागणारी चळवळ इथूनच उठली. स्थगितीनंतर मी एका जुन्या ओळखीच्या दिवाणियात गेलो होतो. कुणीतरी संसदेचं नाव काढलं तसे यजमान चहा झाला का ते बघायला आत गेले. दाराजवळ बसलेल्या एका निवृत्त गृहस्थांनी माझ्याकडे बघून बोटं मोजली. "76 ते 81," एक बोट. "86 ते 92," दुसरं बोट. दोन्ही वेळा बंद, दोन्ही वेळा परत उघडली. तिसरं बोट उभं करून ते तसेच बसून राहिले, आणि यजमान चहा घेऊन आले तेव्हा त्यांनी त्याच हाताने इस्तिकान उचलला.